मधुमेह आणि कर्करोग : एका जोडदुखण्याचा इतिहास

मधुमेह आणि कर्करोग हीं दोन नांवें आज नांदेड-लातुराकडच्या कोणत्याहि कुटुंबास अपरिचित राहिलेलीं नाहींत. एकाचें नांव घरांत सहज, जवळजवळ थट्टेनें घेतलें जातें. दुसऱ्याचें नांव घेतांना आवाज आपोआप खालीं येतो. एकासाठीं माणूस गल्लींतल्या डॉक्टरकडे जातो. दुसऱ्यासाठीं बार्शी, हैदराबाद किंवा मुंबईची वाट धरतो. वैद्यकानेंहि या दोहोंच्या वाटण्या पूर्वींच करून टाकल्या आहेत. त्यांचे तज्ज्ञ वेगळे, त्यांचीं रुग्णालयें वेगळीं, त्यांचे कागदहि वेगळे. परंतु ज्या शरीरांत हे दोन रोग एकत्र नांदतात त्या शरीरास ही वाटणी ठाऊक नसते. रक्तांतील वाढलेली साखर कर्करोगाची गति वाढविते काय, वाढवीत असल्यास ती कशी, आणि हें ज्ञान आपल्याकडील रोग्याच्या कितपत उपयोगी पडण्याजोगें आहे, हा प्रश्न सव्वाशें वर्षांहून अधिक काळ शास्त्रज्ञांपुढें आहे. त्या प्रश्नाचा इतिहास, आणि त्यांत आपल्या मुलुखाचा भाग कोणता, हें सांगण्याचा या लेखांत आमचा विचार आहे.

प्रथम आपल्या जुन्या वैद्यकाकडे वळूं. मधुमेह हा रोग आपल्या वैद्यांस फार प्राचीन काळापासून ठाऊक होता. रोग्याच्या मूत्रास मुंग्या लागतात हें त्यांनीं पाहिलें होतें, आणि 'मधुमेह' हें नांवच त्या निरीक्षणाची साक्ष देतें. चरकसंहितेंत प्रमेही रोग्यांचे स्थूल आणि कृश असे दोन वर्ग केलेले असून दोघांची चिकित्साहि निरनिराळी सांगितलेली आहे. या भेदाचें महत्त्व पुढें दिसून येईल. सुश्रुतसंहितेंत गांठींचें वर्णन 'ग्रंथि' व 'अर्बुद' या नांवांखालीं येतें, आणि एका अर्बुदावर दुसरें अर्बुद उठलें तर त्यास 'अध्यर्बुद' म्हणावें, असेंहि त्यांत म्हटलें आहे. त्याच ग्रंथांत प्रमेहामुळें अंगावर उठणाऱ्या पिटिकांचें वर्णन आहे. आपल्याकडे जिला काळपुळी म्हणतात ती मधुमेही माणसास अधिक होते व लवकर भरून येत नाहीं, हा घरोघरचा अनुभव त्या वर्णनाशीं जुळतो. तात्पर्य, प्रमेही माणसाचें मांस लवकर चिघळतें, इथपर्यंत प्राचीनांची दृष्टि पोंचली होती. प्रमेहाचें प्रकरण मात्र एका जागीं आणि अर्बुदाचें दुसऱ्या जागीं राहिलें.

मूत्रांत येणारी साखर रक्तांतूनच येते, हें युरोपांत कळण्यास अठरावें शतक उजाडावें लागलें. इ. स. १७७६ सालीं मॅथ्यू डॉब्सन या इंग्रज वैद्यानें मधुमेही रोग्याच्या मूत्रांत साखर असल्याचें आणि त्याच्या रक्तांतील द्रवहि गोड लागत असल्याचें दाखवून दिलें. इ. स. १८८९ सालीं मिंकोव्स्की व फॉन मेरिंग यांनीं कुत्र्याचें स्वादुपिंड काढून टाकलें असतां त्यास मधुमेह होतो, असें सिद्ध केलें. त्याच्या थोडें आधीं, इ. स. १८८५ सालीं, व्हिएन्ना येथील अर्नस्ट फ्रॉइंड यानें कर्करोगी माणसांच्या रक्तांत साखर अधिक आढळते, असें प्रसिद्ध केलें होतें. आमच्या प्रश्नाचा जन्म येथें झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. कर्करोगामुळें साखर वाढते, कीं वाढलेल्या साखरेमुळें कर्करोग बळावतो, हें मात्र त्या काळीं कोणासहि सांगतां येण्यासारखें नव्हतें. रक्तांतील साखर मोजण्याच्या रीती ओबडधोबड होत्या, आणि तीव्र मधुमेहाचा रोगी फार दिवस जगतहि नसे. इ. स. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन हस्तगत केलें, आणि ११ जानेवारी १९२२ रोजीं तें प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलास टोंचण्यांत आलें. तेव्हांपासून मधुमेही माणसाच्या आयुष्याची दोरी लांबली. आणि उतारवयांत येणाऱ्या कर्करोगाशीं त्याची गांठ पडण्याची वेळहि त्याबरोबरच आली.

इन्शुलिनचा शोध ताजा असतांनाच बर्लिनमध्यें ओटो वॉरबुर्ग या शास्त्रज्ञानें अर्बुदाच्या पातळ चकत्यांवर प्रयोग आरंभिले. निरोगी पेशी प्राणवायु मिळतो तोंपर्यंत साखरेचें पूर्ण ज्वलन करते. प्राणवायु तुटला म्हणजे तिचें लॅक्टिक आम्ल बनवून वेळ भागविते. धांवून दमलेल्या माणसाच्या स्नायूंत हेंच घडतें. वॉरबुर्ग यास असें आढळलें कीं, कर्करोगाची पेशी भरपूर प्राणवायु असतांनाहि साखरेचें लॅक्टिक आम्लच बनवीत राहते, आणि त्यासाठीं साखर फार मोठ्या प्रमाणांत ओढून घेते. इ. स. १९२५ सालीं कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्यानें हेंच जिवंत प्राण्यांत दाखविलें. कोंबडीच्या एका पंखांत अर्बुद वाढलेलें असतां त्या पंखांतून परतणारें रक्त त्यांनीं दुसऱ्या निरोगी पंखांतील रक्ताशीं ताडून पाहिलें. अर्बुदाच्या बाजूस साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल अधिक भरलें. या दोन प्रयोगांनीं कर्करोग आणि साखर यांचें नातें प्रयोगशाळेंत तरी निश्चित झालें.

परंतु याच शोधापासून एक गैरसमजहि निपजला, आणि तो अद्यापि गांवोगांव फिरत आहे. कर्करोग साखरेवर पोसतो. तेव्हां रोग्याची साखर तोडली म्हणजे गांठ उपाशी मरेल, असा हा युक्तिवाद आहे. वरवर पाहतां तो खरा वाटतो. परंतु रक्तांतील साखर आणि डब्यांतील साखर या दोन वस्तु एक नव्हेत. प्रौढ निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तांत मिळून कोणत्याहि क्षणीं सुमारें चार-पांच ग्रॅम, म्हणजे चहाच्या चमच्याएवढी साखर असते. ती चहांतून येते तशीच ज्वारीच्या भाकरींतूनहि येते. आणि माणसानें खाणेंच सोडलें तर यकृत ती आपल्या सांठ्यांतून पुरवितें, व सांठा संपला म्हणजे अंगावरचें मांस मोडून बनवितें. मेंदूस साखरेवांचून चालत नाहीं म्हणून शरीरानें ही व्यवस्था ठेवलेली आहे. अशा स्थितींत भाकरी बंद केल्यानें गांठ उपाशी राहत नाहीं. रोगी मात्र वाळतो, आणि वाळलेल्या रोग्यास शस्त्रक्रिया व किरणोपचार सोसत नाहींत. चोर सोडून संन्याशाला फांशी देण्यासारखाच हा न्याय होय.

स्वतः वॉरबुर्ग हा, पेशीचें श्वसन बिघडल्यामुळेंच कर्करोग होतो, असें इ. स. १९६६ सालींहि प्रतिपादीत होता. पुढील संशोधनांत असें दिसून आलें कीं, पुष्कळ कर्करोगी पेशींचें श्वसन शाबूत असतें, आणि साखरेचा जो भाग त्या पूर्णपणें जाळीत नाहींत त्यांतील कांहीं नव्या पेशींची घडण करण्यास त्यांना उपयोगी पडतो. म्हणजे साखर हें त्यांचें जळणहि आहे आणि बांधकामाचें सामानहि आहे. तथापि सामान दारांत येऊन पडल्यानें घर आपोआप उभें राहत नाहीं; बांधा, असा हुकूम कोणीतरी द्यावा लागतो. हा हुकूम कोण देतो, याचा उलगडा व्हावयास आणखी कांहीं दशकें लागणार होतीं.

तिकडे हें चालू असतां आपल्या महाराष्ट्रांत कर्करोगाचा अभ्यास नुकताच मूळ धरीत होता. २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, आणि तेथील प्रयोगशाळांचा भार डॉ. वसंत रामजी खानोलकर यांजकडे आला. भारतांतील विकृतिविज्ञानाचे जनक म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. कर्करोगाचीं कारणें लोकांच्या संवयींत व राहणींत शोधिलीं पाहिजेत, अशी त्यांची दृष्टि होती. कमरेस धोतर वर्षानुवर्षें घासून त्या जागीं होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचें त्यांनीं केलेलें वर्णन इ. स. १९४५ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें इ. स. १९५२ सालीं भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालें, व तेथें पुण्यांत जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनीं शरीराबाहेर पेशी वाढविण्याची प्रयोगशाळा उभारिली. स्तनाच्या कर्करोगांत शरीरांतील अंतःस्रावांचा भाग काय असतो, हा त्यांच्या अभ्यासाच्या विषयांपैकीं एक होता. इन्शुलिन हाहि एक अंतःस्रावच होय. कर्करोगाचें कारण केवळ तंबाखूसारख्या बाहेरून येणाऱ्या वस्तूंत शोधून भागणार नाहीं, शरीराच्या आंत फिरणारे हुकूमहि वाचले पाहिजेत, ही दृष्टि अशा रीतीनें आपल्याकडे रुजूं लागली होती.

मराठवाडा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तो मोकळा झाला. राज्याच्या सीमा आणि लोहमार्ग यांनीं रोग्यांच्या वाटाहि ठरवून टाकल्या होत्या. नांदेड हें हैदराबादेहून मनमाडकडे जाणाऱ्या मार्गावरचें गांव असल्यामुळें तेथील रोग्याची धांव स्वाभाविकपणेंच हैदराबादेकडे असे. आणि तेथें इ. स. १९५५ सालीं कर्करोगाचें स्वतंत्र रुग्णालय निघालें, तें आज मेहदी नवाज जंग यांच्या नांवानें ओळखलें जातें. लातूरची गोष्ट निराळी. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लोहवाट इ. स. १९११ सालीं लातुरास पोंचली होती, आणि लातूर, बार्शी व कुर्डुवाडी हीं गांवें तिनें एका सुतांत ओंविलीं होतीं. पुढें बार्शींत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय उभें राहिल्यावर व्यापाराची ही जुनी वाट रोग्यांच्याहि पायांखालची झाली.

या बार्शीचें नांव कर्करोगाच्या इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें आहे. मुंबई शहरांतील कर्करोग्यांची नोंदवही इ. स. १९६३ सालीं सुरू झाली होती. परंतु खेड्यांत किती माणसें या रोगानें आजारी पडतात, हें कोणासच ठाऊक नव्हतें. इ. स. १९८७ सालीं बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गांवांसाठीं देशांतील पहिली ग्रामीण नोंदवही बार्शीस उघडण्यांत आली. खेड्यांतला रोगी स्वतः होऊन रुग्णालयांत येत नाहीं, हें जाणून तेथील कार्यकर्ते गांवोगांव हिंडत, लोकांस लक्षणें समजावून सांगत, आणि संशय येईल त्यास तपासणीस आणीत. केवळ या जागृतीमुळेंच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षां लवकरच्या अवस्थेंत येऊं लागल्याचें नोंदवहींत दिसून आलें. त्यानंतर इ. स. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत, बार्शीचें रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनीं मिळून एक मोठा प्रयोग केला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत समाविष्ट होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूची एकच वेळ तपासणी केली असतां पुढच्या आठ वर्षांत त्या रोगानें होणारे मृत्यु जवळजवळ निम्म्यानें घटतात, असा त्याचा निष्कर्ष इ. स. २००९ सालीं प्रसिद्ध झाला. लातूर जिल्हा इ. स. १९८२ सालीं उस्मानाबादेंतूनच वेगळा काढलेला. तेव्हां हा प्रयोग लातूरकरांच्या आप्तांतच झाला असें म्हणतां येईल. रोगी स्त्रीस वेळेवर गांठावें कसें, हें त्यानें शिकविलें. गांठल्यावर तिच्या रक्तांतील साखरेचें काय, हा प्रश्न त्या प्रयोगाच्या कक्षेबाहेरचा होता, आणि तो याच सुमारास दुसऱ्या बाजूनें पुढें येत होता.

मधुमेह हा गाद्यागिरद्यांवर बसणाऱ्यांचा रोग, ही आपली जुनी समजूत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानें तिला मोठा धक्का दिला. इ. स. १९९३ पासून त्यांनीं पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा अभ्यास चालविला. तेथील बालकें इंग्लंडांतील बालकांपेक्षां वजनानें पुष्कळ हलकीं. परंतु त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानानें कमी झालेली नव्हती, मांसच कमी होतें. दिसण्यांत कृश आणि घडणींत स्थूल असा हा देह अल्प वजनावरहि मधुमेहास बळी पडतो. चरकानें केलेला स्थूल-कृश हा भेद येथें आठवल्यावांचून राहत नाहीं, मग त्याची कारणमीमांसा कितीहि निराळी असो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे आंकडे इ. स. २०११ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा ८.४ मधुमेही आढळले. खेड्यांतहि हें प्रमाण शेंकडा ६.५ होतें. साखर वाढूं लागलेली पण मधुमेहाच्या मर्यादेस न पोंचलेली माणसें आणखी शेंकडा १२.८ होतीं. सडपातळ शेतकऱ्याची साखर कोणी पाहत नाहीं, आणि म्हणून ती वाढलेली कळतहि नाहीं.

आतां या दोन प्रवाहांचा संगम पाहूं. इ. स. २००५ सालीं कोरिया देशांतील सुमारें १३ लक्ष विमेदारांचा दहा वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोरियन लोकहि आपल्याप्रमाणेंच बहुधा सडपातळ. म्हणून हा अभ्यास आपणांस विशेष उपयोगी आहे. उपाशीपोटींची रक्तशर्करा दर शंभर घनसेंटिमीटरांत ९० मिलिग्रॅमहून कमी असणाऱ्यांशीं तुलना करतां, ती १४० किंवा अधिक असणाऱ्यांत कर्करोगानें मरण्याचें प्रमाण पुरुषांत शेंकडा २९ आणि स्त्रियांत शेंकडा २३ अधिक आढळलें. इ. स. २०११ सालीं ८ लक्ष २० हजारांहून अधिक लोकांच्या एकत्रित अभ्यासांत मधुमेही माणसांत कर्करोगमृत्यूचें प्रमाण शेंकडा २५ अधिक भरलें. कर्करोगाचें निदान होण्यापूर्वींच ज्यांस मधुमेह होता अशा रोग्यांत एकंदर मृत्यूचें प्रमाण शेंकडा ४१ अधिक असतें, असें इ. स. २००८ सालच्या एका संकलनांत दिसलें होतें. यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाचें अस्तर यांच्या कर्करोगाशीं मधुमेहाचा संबंध विशेष बळकट आहे. मोठें आंतडें व स्तन यांच्याशीं तो त्याहून सौम्य आहे. आणि पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग मधुमेह्यांत उलट कमीच आढळतो. यावरून वाचकांच्या लक्षांत येईल कीं, गोड रक्त म्हणजे सरसकट कर्करोग असें समीकरण मांडणें अयोग्य आहे.

मग हुकूम देणारा कोण? या प्रश्नाचें उत्तर आतां बऱ्याच अंशीं मिळालें आहे. आपल्याकडील नेहमींच्या मधुमेहांत शरीर इन्शुलिनचें ऐकेनासें होतें. तेव्हां स्वादुपिंड निदान आरंभीं तें अधिकाधिक सोडतें. स्नायु हा हुकूम मानीत नाहींत, परंतु पुष्कळ अर्बुदांच्या पेशी तो मानतात, आणि त्यांच्यापुरता त्याचा अर्थ 'वाढा' असा होतो. इन्शुलिनच्या योगानें यकृताकडून येणारा वाढीचा दुसरा एक स्रावहि बळावतो. याखेरीज वाढलेली साखर स्वतःहि निरुपद्रवी नाहीं. तिनें शरीरांत मंद दाह धुमसत राहतो, प्रथिनांवर तिचीं पुटें चढतात, आणि रोगाशीं लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. इ. स. २०१८ सालीं असेंहि दाखविण्यांत आलें कीं, साखर वाढली असतां पेशींतील अर्बुदास आळा घालणारें एक प्रथिन अस्थिर होतें. जळण, हुकूम आणि ढिलावलेला पहारा अशीं तीन संकटें येथें एकत्र येतात, आणि त्यांपैकीं प्रत्येकाचा वांटा कोणत्या कर्करोगांत किती, हें निरनिराळें असतें.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे, कारण फ्रॉइंड याच्या जुन्या प्रश्नाचें दुसरें अंगहि खरें ठरलें आहे. स्वादुपिंडाचा कर्करोग स्वतःच मधुमेह उत्पन्न करतो. पन्नाशीनंतर नव्यानें मधुमेह झालेल्या माणसांपैकीं तीन वर्षांत हा कर्करोग आढळणारीं माणसें शेंकडा एकाहूनहि कमी असतात, म्हणून घाबरण्याचें कारण नाहीं; परंतु उतारवयांत मधुमेह अचानक उद्भवला आणि कारणावांचून वजन झपाट्यानें उतरूं लागलें, तर ती सूचना दुर्लक्षिण्याजोगी नव्हे.

वॉरबुर्गच्या शोधाचा एक सुंदर उपयोग येथें नमूद करण्यासारखा आहे. साखरेस किरणोत्सर्गी खूण लावून ती माणसाच्या शिरेंत सोडण्याचा प्रयोग इ. स. १९७६ सालीं अमेरिकेंत प्रथम झाला. अर्बुद ती साखर अधाशीपणानें ओढून घेतें व यंत्राच्या चित्रांत उजळून दिसतें. पेट या नांवानें ओळखलें जाणारें हें यंत्र भारतांत प्रथम मुंबईंत इ. स. २००२ सालीं आलें. गंमत अशी कीं, रोग्याची रक्तशर्करा फार वाढलेली असली तर हें चित्र अंधुक येतें. कारण खुणेच्या साखरेस रक्तांतल्या साखरेशीं झुंजावें लागतें. म्हणजे साखर काबूंत नसेल तर रोग पाहण्यापासूनच अडचण सुरू होते.

आणि ही अडचण उपचारांत पदोपदीं वाढत जाते. आमच्या मते नांदेड-लातुरच्या रोग्यासाठीं या सर्व इतिहासाचें सार येथेंच आहे. तोंडाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत किरणोपचाराबरोबर सिस्प्लॅटिन नांवाचें औषध देण्याची रीत आहे. हें औषध मूत्रपिंडास जड जातें. आणि जुन्या, न जुमानलेल्या मधुमेहानें मूत्रपिंडें आधींच थकलेलीं असलीं तर डॉक्टरास हात आखडता घ्यावा लागतो. दुसरीं कांहीं औषधें हातापायांच्या नसा बधिर करतात; मधुमेहानें त्या अगोदरच दुबळ्या झालेल्या असतात. वांति थांबविण्यासाठीं व अन्य कारणांनीं दिलेलीं स्टेरॉइडें साखर एकदम चढवितात, मग रोगी पूर्वीं मधुमेही नसला तरी. शस्त्रक्रियेची जखम भरून येण्यास वेळ लागतो, आणि रसायनोपचारानें पांढऱ्या पेशी घटलेल्या असतां जंतूंस रान मोकळें मिळतें. रक्ताच्या एका तीव्र कर्करोगांत इ. स. २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासांत पहिल्या उपचाराच्या काळांत ज्यांची साखर चढली होती त्यांस मिळालेला आराम सरासरीनें २४ महिने टिकला. ज्यांची चढली नव्हती त्यांचा ५२ महिने टिकला. म्हणून साखरेमुळें गांठ किती वेगानें वाढते, या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याची गरज नाहीं. साखरेमुळें उपचार लांबतो, अर्धवट राहतो किंवा सोसवत नाहीं, एवढें कारण रोग पुढें सरकण्यास पुरेसें आहे.

येथें दोन आशाभंगांचा व एका दिलाशाचाहि उल्लेख केला पाहिजे. मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची जुनी व स्वस्त गोळी. ती घेणाऱ्या मधुमेह्यांत कर्करोग कमी आढळतो, असें इ. स. २००५ सालीं स्कॉटलंडांत दिसल्यावर जगभर मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु स्तनाच्या कर्करोगाच्या, मधुमेह नसलेल्या ३,६४९ रोग्यांवर केलेल्या कसोटीचा निकाल इ. स. २०२२ सालीं लागला, त्यांत ती गोळी घेतल्यानें रोग उलटण्याचें प्रमाण कमी झालें नाहीं. गांठ उपाशी मारण्याची जुनी आशा जशी फोल ठरली, तशीच कर्करोगावर ही एक गोळी पुरेल ही नवी आशाहि फोल ठरली. मधुमेहासाठीं मात्र त्या गोळीचें मोल पूर्वींइतकेंच आहे. दिलासा असा कीं, इन्शुलिन टोंचून घेतल्यानें कर्करोग होईल, ही भीति निराधार दिसते. इ. स. २०१२ सालीं १२,५३७ लोकांवरील सहा वर्षांच्या दीर्घ कसोटींत इन्शुलिन घेणाऱ्यांत कर्करोगाचें प्रमाण वाढलेलें आढळलें नाहीं. तेव्हां कर्करोगाच्या धास्तीनें मधुमेहाचें औषध सोडणें हें दुहेरी नुकसान करून घेणें होय.

आतां आपल्या दोन जिल्ह्यांची स्थिति पाहा. लातुरांत इ. स. १९६६ सालीं विवेकानंद रुग्णालय निघालें. त्याचे एक संस्थापक डॉ. अशोक कुकडे यांस इ. स. २०१९ सालीं पद्मभूषण हा बहुमान मिळाला, आणि त्याच संस्थेच्या आश्रयानें पुढें कर्करोगाच्या उपचाराचीहि सोय झाली. नांदेडास इ. स. १९८८ सालीं व लातुरास इ. स. २००२ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलें. औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, इ. स. २०१२ सालीं शासकीय कर्करोग रुग्णालय उघडलें. एका पिढीपूर्वीं ज्यासाठीं मुंबई गांठावी लागे त्यांतलें बरेंचसें आतां मराठवाड्यांत मिळूं लागलें आहे. तरी किनवट, देगलूर, औसा, उदगीर अशा तालुक्यांतल्या खेडुतास किरणोपचारासाठीं घर सोडून आठवड्यांमागून आठवडे दूर राहावें लागतें. घरचा एक माणूस त्याच्याबरोबर अडकतो, पेरणीचे किंवा काढणीचे दिवस हातचे जातात. साखर चढल्यामुळें अशा उपचारांत एक आठवड्याचा खंड पडणें म्हणजे काय, हें त्या कुटुंबासच विचारावें.

किरणांचें यंत्र प्रत्येक तालुक्यास देतां येणार नाहीं. साखर मोजण्याचें साधन मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रांतहि असतें. इ. स. २०१० सालीं केंद्र सरकारनें कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांसाठीं एकच राष्ट्रीय कार्यक्रम आंखला, आणि पुढें तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची साखर, रक्तदाब, तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी एकाच वेळीं व्हावी अशी योजना केली. शतकभर दूर राहिलेले दोन रोग अशा रीतीनें निदान सरकारी कागदावर शेजारीं बसले आहेत. राहिलें तें इतकेंच कीं, ते घराच्या व्यवहारांतहि शेजारीं बसावे. गांठीचा तुकडा तपासण्यास दिला त्याच दिवशीं साखरहि पाहून घ्यावी. उपाशीपोटीं ती १२६ किंवा अधिक भरली, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी तपासणी शेंकडा ६.५ किंवा अधिक निघाली, तर मधुमेह समजून ती पुन्हां पडताळावी. निदान होऊन उपचार सुरू होईपर्यंत जे दोन-तीन आठवडे जातात तेवढ्यांत गांवच्या डॉक्टरकडून तिला ताब्यांत आणतां येतें. मधुमेहाचे कागद कर्करोगाच्या डॉक्टरापुढें ठेवावे. त्याचप्रमाणें मधुमेहासाठीं दर महिन्यास दवाखान्याची पायरी चढणाऱ्या माणसानें वर्षांतून एकदां तोंड दाखवावें, आणि स्त्रियांनीं स्तन व गर्भाशयमुख यांच्या तपासणीची चौकशी करावी.

बार्शीच्या नोंदवहीनें सिद्ध केलें तें एवढेंच कीं, लोकांस वेळेवर सांगितलें तर ते वेळेवर येतात. त्यासाठीं नवें औषध लागलें नव्हतें. गांवोगांव जाऊन बोलणारीं माणसें लागलीं होतीं. साखरेच्या बाबतींतहि तेंच करावयाचें आहे, आणि ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें त्या घरांनीं आपल्या शेतावरच्या, मोलमजुरीच्या व नात्यागोत्याच्या माणसांपासून त्यास आरंभ करावयास कोणाच्याहि परवानगीची जरूर नाहीं.